मदत हवी आहे: पप्पांचे नैनीचे वर्गमित्र कसे शोधू?

बेलापूररोड
नमस्कार. जरा तातडीचं आहे. माझे वडील सॅम हिगिनबॉटम विद्यापीठाचे (शुआट्स) माजी विद्यार्थी. येत्या 23 तारखेला त्यांचा पहिला स्मृतिदिन. श्रीरामपूरला चर्चमध्ये स्मरणार्थ उपासना ठेवली आहे. त्यांच्याबरोबर शिकलेलं कुणीतरी त्या दिवशी यावं, निदान फोनवरून दोन शब्द बोलावं, एवढीच इच्छा. फेसबुक, लिंक्डइन पालथं घातलं. या विद्यापीठाची भरपूर मंडळी सापडतात, पण सगळी माझ्या मुलाच्या वयाची. पप्पांच्या वेळचं एकही माणूस नाही. यादी कुठे मिळेल? कृपया लवकर सांगा.

गोदाकाठ
साल कोणतं? विषय कोणता? वसतिगृहात राहायचे की बाहेर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार, ताई?

जुनी_पानं
श्रीरामपूरच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा विषय निघाला म्हणून लिहितो. विल्यम कॅरी आणि सहकाऱ्यांनी 1818 साली ते कॉलेज काढलं, 1827 साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. मराठी माणसाने हे विसरू नये, कारण कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं आणि कोश 1810 चा. आजही पुण्यात धर्मशास्त्र शिकणाऱ्या कित्येकांची पदवी तिथली असते. त्यांच्या सिनेटला पत्र लिहा.

बेलापूररोड
दादा, माहिती छान आहे, पण ते बंगालमधलं. आमचं श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं. पप्पा शिकले अलाहाबादला, यमुनेपलीकडे नैनीला.
@गोदाकाठ, 1964 ते 1968, कृषी अभियांत्रिकी, वसतिगृहात. आणि आत्ता ट्रंकेतून पदवीचं प्रमाणपत्र काढलं तर त्यावर अलाहाबाद विद्यापीठ लिहिलंय! मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी शोधतेय का?

गोदाकाठ
हे आधी सांगायला हवं होतं. सगळा घोळ तिथेच आहे.

नांगरफाळ
ताई, चुकीचं ठिकाण नाही, चुकीचं नाव. पप्पा शिकत होते तेव्हा शुआट्स हे नावच नव्हतं. सॅम हिगिनबॉटम यांनी 1910 साली सुरू केलेली ती अलाहाबाद अ‍ॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट. पदवी अलाहाबाद विद्यापीठाची मिळायची. 2000 साली अभिमत विद्यापीठ झालं, 2009 साली नाव बदललं, 2016 साली पुन्हा बदललं. 1968 चा माणूस स्वतःची ओळख देताना आजचं नाव कशाला लिहील? तो ‘अलाहाबाद अ‍ॅग्रिकल्चरल’ नाहीतर नुसतं ‘नैनी’ म्हणेल. तसं शोधा, इंग्रजीतही आणि हिंदीतही.

दुसरं, कृषी अभियांत्रिकीची पदवी तिथे 1942 साली तिथले अमेरिकन कृषी अभियंते मेसन व्हॉ यांच्या काळात सुरू झाली, देशात पहिल्यांदा. राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 चं, अकोल्याचं 1969 चं. म्हणजे पप्पांच्या वर्गातली मुलं बाहेर पडली तेव्हा ही विद्यापीठं नुकती उभी राहत होती. मराठी मुलं असतील तर बरीचशी तिथे किंवा मृदसंधारण खात्यात लागली असणार. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या निवृत्त प्राध्यापकांकडे विचारा. कृषी अभियंत्यांची देशव्यापी संस्था 1960 पासून आहे, तिच्या आजीव सभासदांतही बघा.

चांदणी_चौक
एवढं कशाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, फोटो टाका, दोन दिवसांत माणसं सापडतात. आमच्या शाळेची सगळी बॅच अशीच जमली.

गोदाकाठ
तुमची बॅच चाळिशीतली असेल. इथे माणसं ऐंशीला टेकलेली आहेत. पोस्टकार्ड टाका. जुने पत्ते असतील तर घरातलं कुणीतरी उत्तर देतंच.

चांदणी_चौक
ऐंशीचे माझे आजोबा रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. आणि 23 तारखेच्या आत पोस्टकार्ड पोचून उत्तर येईल का?

संगमावरचा
मी प्रयागराजला नोकरीला होतो. जबलपूरकडून येताना नैनी स्टेशन आधी, मग यमुनेचा 1865 चा जुना पूल, वर रेल्वे, खाली रस्ता. हिवाळ्यात तिथले लालसर पेरू खाल्ले नाहीत त्याने पेरू खाल्लाच नाही. जर्सी आणि सिंधी गाईंच्या संकरातून जर्सिंध जात त्याच संस्थेत तयार झाली, हेही सांगतो.

हिरवं_शिवार
माझ्या भाच्याला तिथे बी.एस्सी. कृषीला प्रवेश घ्यायचाय. फी किती आहे?

बेलापूररोड
@नांगरफाळ, मनापासून धन्यवाद. नावाचं लक्षातच आलं नव्हतं. विद्यापीठाच्या कार्यालयाला काल पत्र पाठवलंय, त्यात आता जुनं नावही कळवते.

ट्रंकेत एक फोटोही सापडला. अकरा मुलं, मधे ट्रॅक्टर, पप्पा चाकावरच्या पत्र्यावर बसलेले, पायात चप्पल नाही. मागे पेन्सिलने नावं लिहिली आहेत, पण सगळी टोपणनावं: पहिलवान, गोंदिया, मास्तर, शाबाश... पप्पांच्या नावाच्या जागी ‘पाव’. का, ते कधी विचारलंच नाही. फोटो इथे टाकू का?

गोदाकाठ
उघड्यावर टाकू नका. त्यातली माणसं, त्यांची घरं, त्यांना आवडेल की नाही आपल्याला माहीत नाही.

चांदणी_चौक
साठ वर्षांपूर्वीच्या फोटोला कोण हरकत घेणार? लपवून ठेवलात तर ओळखणार कोण?

नांगरफाळ
चेहरे नकोत, टोपणनावं पुरेशी आहेत. ‘शाबाश’ हा तिथे तयार झालेला लोखंडी नांगर, जोडीला ‘वाह वाह’ नावाचाही होता. त्या नांगरावर काम करणाऱ्या मुलाला ते नाव पडलं असणार.

वैनगंगा
मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. माझे सासरे गोंदियाचे, नैनीला त्याच सुमारास कृषी अभियांत्रिकीला होते. आता ऐकू कमी येतं, पण वाचतात. हा धागा मोठ्या अक्षरांत करून त्यांना दाखवला. ‘पाव’ शब्दावर बोट ठेवून बराच वेळ थांबले. म्हणाले, हा रविवारी चर्चहून येताना आमच्यासाठी पाव आणायचा, कागदात गुंडाळून, मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची. हाच का तो, हे फोटो बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही म्हणतात.

बेलापूररोड
वहिनी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. फोटो दोन्ही बाजूंनी पाठवते. त्यांना फोनवर ऐकू येत नसेल तर लिहून दिलेलं चालेल, उपासनेत मी वाचून दाखवेन.

हिरवं_शिवार
फीचं कुणी सांगेल का?