स्कंक नंबर वन: वास, परिणाम आणि वाणाची घडण

प्रश्न

गांजाच्या जुन्या संकरित वाणांविषयी मी वाचत आहे आणि त्यात स्कंक नंबर वन या वाणापाशी अडलो आहे. स्कंक हा अमेरिकेतील एक लहान प्राणी असून संकटात सापडल्यावर तो अतिशय उग्र वासाचा फवारा सोडतो, आणि त्या वासावरूनच या वाणाचे नाव पडले, एवढे समजले. परंतु झाडात असा वास येतो कशामुळे? दुसरे म्हणजे, गांजाच्या झाडाचे सॅटिवा आणि इंडिका असे दोन प्रकार सांगितले जातात; काही वर्णनांत हे वाण सॅटिवाकडे झुकलेले आणि म्हणून उत्साहवर्धक ठरवलेले असते, तर काहींत इंडिकाकडे झुकलेले आणि म्हणून सुस्ती आणणारे. एकाच वाणाबद्दल दोन्ही विधाने कशी खरी असू शकतात?

पहिला प्रतिसाद

वासापुरते सांगतो, कारण सुगंधी द्रव्यांचे रसायनशास्त्र हा माझा विषय आहे. गांजाच्या वासाचे श्रेय दीर्घकाळ केवळ टर्पीन या द्रव्यांना दिले जात असे. त्यांपैकी मिर्सीन मातकट व किंचित आंब्यासारखा गंध देते, लिमोनीन संत्र्याच्या सालीची आठवण करून देते, आणि कॅरिओफिलीन मिरी व लवंगेतही असल्यामुळे चवीत तिखटपणा आणते. मात्र यांतल्या कोणत्याही मिश्रणातून स्कंकचा तो दर्प तयार होत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे मूळ गंधकयुक्त थायॉल संयुगांत सापडले. त्यांतील प्रमुख संयुग म्हणजे उन्हात राहिलेल्या बिअरला येणाऱ्या दुर्गंधीस कारणीभूत असलेलेच द्रव्य होय. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, पण मानवी नाक गंधकाच्या संयुगांबाबत कमालीचे संवेदनशील असल्याने तेवढेही पुरते. फुलोऱ्याच्या अखेरच्या आठवड्यांत आणि नंतर फुले मुरत ठेवण्याच्या काळात हा वास सर्वाधिक तीव्र होतो आणि साठवणीत लवकर ओसरतो.

दुसरा प्रतिसाद

परिणामांविषयीची आपली शंका मला अगदी योग्य वाटते. इंडिका हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी 1785 साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिले. ते झाडाचे वर्गीकरण होते, नशेचे वर्णन नव्हते. आज बाजारात ही दोन नावे परिणामांची चिठ्ठी म्हणून चिकटवली जातात, पण 2021 मध्येच प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका जनुकीय अभ्यासात या चिठ्ठ्यांचा झाडांच्या एकूण जनुकीय नात्याशी मेळ बसला नाही. संबंध दिसला तो मोजक्या टर्पीनांशी.

परिणाम ठरतो तो मुख्यतः टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचे) प्रमाण, त्याला जोडून असलेले सीबीडी (गांजातीलच, पण नशा न आणणारे द्रव्य), मात्रा आणि सेवनाचा मार्ग यांवरून. धुरावाटे घेतलेले टीएचसी काही मिनिटांत जाणवते, तर पोटात गेलेले उमगायला अर्धा ते दोन तास लागतात. या उशिरामुळेच लोक अधीर होऊन पुन्हा घेतात आणि भीती, धडधड, गोंधळ यांनी हैराण होतात.

स्कंक या शब्दाबाबतही सावध राहावे. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांनी तो कोणत्याही तीव्र, बिनबियांच्या गांजासाठी वापरला, त्यामुळे तेथील बातम्यांतला ‘स्कंक’ हेच वाण असेल असे नाही. तीव्रतेचा प्रश्न मात्र खरा आहे. युरोपातील अनेक शहरे आणि ब्राझील येथे झालेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीची (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता कधीही न घेणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळली. घरात मनोविकृतीचा इतिहास असेल तर वाण कोणते, हा प्रश्नच गौण आहे.

तिसरा प्रतिसाद

या वाणाची घडण वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने फार रोचक आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांच्या संकरातून ते तयार झाले व पुढे नेदरलँड्समध्ये गेले. गांजाला फुलोरा येण्याचा संकेत लांबत जाणाऱ्या रात्रींतून मिळतो. उष्ण कटिबंधातील उंच वाणांचा फुलोरा उत्तरेकडे गारठा सुरू होण्यापूर्वी पक्व होत नाही, आणि अफगाण रक्ताने नेमकी हीच अडचण दूर केली: झाड आटोपशीर झाले आणि फुलोरा सुमारे आठ-नऊ आठवड्यांत आटोपू लागला. राळेच्या ग्रंथी मुख्यतः मादी फुलांवर दाटतात, म्हणून परागण होऊन त्या फुलांत बी धरू नये यासाठी नर झाडे वेळेवर काढली जातात. दाट फुलोऱ्यात दमट हवेने बुरशी शिरते, हा मात्र या वाणाचा दोष आहे. अनेक देशांत परवान्याविना लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे हे विवेचन अभ्यासापुरतेच समजावे.

आपल्या मूळ प्रश्नातील विसंगतीचे उत्तरही येथेच आहे. पूर्वज दोन्हीकडचे आहेत (अफगाण वाण इंडिकाकडचे, मेक्सिकन आणि कोलंबियन सॅटिवाकडचे), आणि बियांपासून वाढवलेली भावंडे कधी एका, कधी दुसऱ्या पूर्वजावर जातात. फांदीच्या कलमापासून वाढवलेले झाड मात्र आईसारखेच निघते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. म्हणजे एकाच नावाच्या दोन नमुन्यांच्या वासात मला दिसलेली तफावत वेगळ्या बियांमुळेही असेल आणि साठवणीमुळेही, असे मी समजतो.

पहिला प्रतिसाद देणारे

होय. शिवाय साठवणीत टीएचसीचेही ऑक्सिडीकरण होऊन सीबीएन हे वेगळे द्रव्य बनते, म्हणून तुलना करायची असेल तर दोन्ही नमुने काढणीनंतर सारख्याच दिवसांचे असावेत.