मदत हवी आहे: नाशिकमध्ये रिसेल फ्लॅट, पण कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे करणं) झालेलं नाही

पाथर्डी फाट्याजवळचा 2 बीएचके बघतोय, मागणी 46 लाख. घासाघीस फार होईल असं वाटत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) सगळं आहे. घोडं अडलंय सातबाऱ्यावर: तिथे अजून मूळ जमीनमालकांचीच नावं. म्हणजे उद्या पुनर्विकास निघाला की उरलेल्या एफएसआयवर (आणखी बांधकाम करण्याच्या हक्कावर) बिल्डर नाहीतर मालकाचे वारस हक्क सांगणार.

सोसायटी म्हणते, जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना 7 मध्ये डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर-मालकांनी सही केली नाही तरी सरकारी आदेशाने होणाऱ्या कन्व्हेयन्सचा) अर्ज करू. ‘करू’वर किती विसंबायचं?

विचारायचं असं: वारसांपैकी एखादा हयात नसेल तर नोटीस कुणाला जाते, प्रकरण किती लांबतं? बँकेचा वकील 30 वर्षांच्या सर्चमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) यावर आडकाठी घालतो का? इसाऱ्याच्या पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ असं कलम विक्रेते मान्य करतात का?

खर्च धरलाय तो 6 टक्के मुद्रांक (पत्नीच्या नावे घेतल्यास 5), नोंदणी 30,000. सोसायटीची ट्रान्सफर फी वेगळी. 25,000 च्या वर मागितली तर काय करता?

नाशिकमध्ये हे निस्तरलेल्यांनी कृपया सांगा.