डेडलिफ्टनंतर कोपरापुढे दुखणे
प्रश्न (महाल, नागपूर): उलटसुलट पकडीने (एक तळहात पुढे, एक मागे) डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम करताना, तळहात पुढे असलेल्या हाताच्या कोपरात टचकन आवाज झाला, आता तेथे काळेनिळे झाले असून पाना फिरवताना जोर लागत नाही. शेकून वाट पाहावी का?

उत्तर (धरमपेठ): कृपया थांबू नका. ही बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, कोपराजवळ तुटल्याची लक्षणे असू शकतात. शस्त्रक्रिया लागलीच तर पहिल्या २ ते ३ आठवड्यांत ती सोपी असते, पुढे टेंडन आक्रसून वर सरकतो. आजच मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) अस्थिरोग विभागात दाखवा.

उत्तर (प्रतापनगर): सहमत आहे. हळूहळू वाढणारे दुखणे वेगळे. माझे तसे होते; त्यात पूर्ण विश्रांतीपेक्षा हलके वजन सावकाश खाली आणण्याचा व्यायाम उपयोगी पडला, तरी महिने लागले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आजच जातो.