उंच इमारती म्हणजेच दाट शहर का?

प्रश्न:
जमीन अपुरी असल्यामुळे शहराला वर वाढण्यावाचून गत्यंतर नाही, असे पुनर्विकासाच्या चर्चेत सहसा गृहीत धरले जाते. मात्र मनोऱ्याभोवती सोडलेली जागा, वाहनतळाचे खालचे तीन-चार मजले आणि रस्त्याकडेची लांबलचक कोरी भिंत पाहिली, की एवढ्या उंचीतून शहराच्या पदरात नेमके काय पडले, असा प्रश्न पडतो. उंची आणि घनता या एकच गोष्टी आहेत का?

प्रतिसाद १:
नाहीत. स्पेनमधील बार्सिलोनाचा एशाम्पला हा भाग अभियंता-नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यातून उभा राहिला. सुमारे ११३ मीटर बाजूचे, कोपरे तिरके छाटलेले, चहूबाजूंनी रस्ते असलेले चौरस भूखंड आणि बहुतांश सहा-सात मजल्यांच्या इमारती, तरीही ही वस्ती युरोपातील अतिशय दाट वस्त्यांपैकी आहे, कारण घरे रस्त्याला लागून, भिंतीला भिंत जोडून बांधलेली आहेत. अर्थात, सेर्दांनी प्रत्येक भूखंडाच्या दोनच बाजू बांधायच्या ठरवल्या होत्या. उरलेल्या पुढे भरल्या गेल्या. तेव्हा या घनतेचे सारे श्रेय आराखड्याला देता येत नाही.

प्रतिसाद २:
तरी सगळा दोष उंचीच्या माथी मारू नये. अमेरिकेतील सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीच्या ११ मजली ३३ इमारती १९७२ पासून पाडल्या गेल्या आणि तो आधुनिक वास्तुकलेचा पराभव ठरवला गेला. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबे, ही चूक वास्तुरचनेची खरीच. पण देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता आणि शहराची लोकसंख्या घटत असल्याने घरे रिकामी राहू लागली, तेव्हा दुरुस्तीला पैसाच उरला नाही.

प्रतिसाद ३:
माझे काम नकाशे काढण्याचे असल्याने मी तळमजल्यापुरतेच लिहितो. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो आणि पायथ्याशी छत्री उलटी करतो. मनोरा थोडा मागे घेऊन पुढे बैठा भाग ठेवला, तर तो वारा वरच अडतो. परंतु त्या बैठ्या भागात दुकाने येण्याऐवजी मोटारी येतात, कारण प्रत्येक घरामागे किमान इतक्या वाहनांची जागा हवी असा नियम असतो आणि वळणाची वाट धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये ही किमान अट काढून तिच्या जागी कमाल मर्यादा घातली. माझ्या मते, मजल्यांवर वाद घालण्यापूर्वी नियमावलीतील हे एक कलम तपासावे.