मराठवाड्यात इथेनॉलसाठी आणखी ऊस नको

मांजराकाठ:
कोरोनानंतर मराठवाड्यात पैसा फिरला त्यात इथेनॉलचा वाटा आहे, हे मान्य. २०२१ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आलं, इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरीच्या कर्जाला व्याज सवलत मिळाली, क्षमता वाढली. पण हिशेब पाण्यात मांडा. उसाला वर्षाला २००० मिमी पाणी धरलं तर एकरी ८० लाख लिटर. एकरी ३२ टन ऊस, टनाला रसापासून ७० लिटर इथेनॉल. म्हणजे एका लिटरमागे साडेतीन हजार लिटर पाणी! लातूरच्या पावसातून यातलं निम्मंही भागत नाही, बाकी सगळं धरण आणि बोअर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या भागात डिस्टिलरीचे नवीन परवाने बंदच हवेत.

पाच_फुटी_सरी:
तुमचा आकडा पाटपाण्याचा आहे. पाच फुटी सरी, १६ मिमीची नळी, ४० सेंमीवर ड्रिपर, एवढं नीट बसवलं तर ४० टक्के पाणी वाचतं. आणि शेतकऱ्याची बाजू बघा. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं १४ दिवसांत द्यायची असते, पण साखर वर्षभर गोदामात पडून राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. ते बंद केलंत तर थकबाकी पुन्हा सुरू होईल.

कोरडवाहू:
वाचलेलं पाणी धरणात राहतं कुठे? त्यावर पुढचा एकर लागतो. शिवाय बोअरचं पाणी क्षारयुक्त, ड्रिपर चोंदतात. आम्ल सोडून, रात्रभर ठेवून, सकाळी नळीची टोकं उघडून धुवावी लागतात. हे टळलं की सरीच्या शेवटचा ऊस आखूड राहतो, मग माणूस पुन्हा पाट फोडतो. तोडणीत कोयत्यानं नळ्या कापल्या जातात, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, ठिबक उरतच नाही. २०२१-२२ आठवा: ऊस इतका झाला की मे उलटला तरी फडात उभा. वजन घटलं, साखरेचा उतारा पडला, लांबच्या वाहतुकीला सरकारला अनुदान द्यावं लागलं.

बहुधान्य:
मग डिस्टिलरी मक्यावर चालवा. क्विंटलला ३७-३८ लिटर निघतं, पीक खरिपाच्या पावसावर येतं. डिसेंबर २०२३ मध्ये रसाच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा मक्यानंच पुरवठा सावरला. गाळप पाच महिन्यांचं, उरलेले महिने यंत्रं रिकामी. मक्यासाठी पिठाची गिरणी, स्टार्च विरघळवायच्या टाक्या, चोथा वेगळा करणारा डिकँटर आणि ड्रायर जोडावे लागतात. २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांना त्यासाठी व्याज सवलतही जाहीर झाली.

पाच_फुटी_सरी:
मक्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात जातो आणि सोयापेंडीची मागणी खातो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून बराच कमी भाव, त्यामागचं हे एक कारण होतं. लातूर सोयाबीनचा जिल्हा आहे. उसाचं पाणी वाचवून सोयाबीनवाल्याला मारणार का?

मांजराकाठ:
हा मुद्दा खरा आहे, म्हणून मीही आंधळेपणानं मका म्हणत नाही. पण सोयाबीनचा भाव हमीभावानं वेळेवर खरेदी करून धरता येतो. उपसलेलं भूजल कोणत्याही खरेदी केंद्रावर परत मिळत नाही. परवाना द्यायचाच असेल तर कारखान्यानं नोंदवलेल्या उसाच्या प्रत्येक बोअरला मीटर बसवावा आणि त्याचा आकडा गाळपाआधी गावात लावावा. ही अट तुम्हाला मान्य आहे का?

पाच_फुटी_सरी:
मीटर मान्य. खर्च कारखान्यानं उचलावा, एफआरपीतून कापू नये.