झोत नेहमी एकमेकांकडेच वळतो असे नाही

द्रवात फुगून कोसळणाऱ्या शेजारच्या दोन बुडबुड्यांचे झोत, म्हणजे कोसळताना बुडबुड्याच्या आत घुसणाऱ्या द्रवाच्या धारा, एकमेकांकडेच वळतात, असे म्हटले जाते. हे विधान बुडबुडे साधारण सारख्या आकाराचे आणि जवळपास एकाच क्षणी निर्माण झालेले असतील तेव्हा खरे आहे. तेव्हा त्यांच्या मधोमधचे कल्पित सपाट प्रतल भिंतीसारखे वागते आणि दोन्ही झोत त्या भिंतीकडे वळतात. पहिला पूर्ण फुगलेला असताना दुसरा निर्माण झाला, तर मात्र झोत परस्परांपासून दूर जातात, आणि खरी गंमत इथेच आहे. आकसणारा पहिला बुडबुडा फुगणाऱ्या दुसऱ्याची जवळची बाजू स्वतःकडे ओढून तिला निमुळते टोक काढतो. जास्त वक्र भाग आधी कोसळत असल्याने हे टोक झपाट्याने मागे फिरते आणि त्यातून निघालेला बारीक झोत दुसऱ्या बुडबुड्याला आरपार भेदतो. याचे श्रेय पृष्ठताणाला देऊ नये. मिलिमीटरभर आकाराच्या अशा बुडबुड्यांत मुख्य काम द्रवाचे जडत्वच करते.