मदत हवी आहे: ६९ वर्षांच्या आईला घेऊन अहमदाबाद, दोन रात्री, मुक्काम पोळमधल्या जुन्या हवेलीत

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन अहमदाबादला जायचं ठरवतेय. शुक्रवारी रात्री बोरिवलीहून गुजरात मेल, शनिवारी सकाळी तिकडे, सोमवारी दुपारच्या वंदे भारतने परत. म्हणजे हातात दोनच रात्री.

आईचा जन्म तिथला. आजोबा एका कापड गिरणीत हिशेबनीस होते आणि जुन्या शहरात, खाडियातल्या एका पोळमध्ये (म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेल्या जुन्या गल्लीत) भाड्याने राहायचे. आई नऊ वर्षांची असताना सगळे ठाण्याला आले, त्यानंतर ती एकदाही गेली नाही. तिला अजून आठवतं ते घरातल्या चौकातलं पितळी झाकण. झाकण उचललं की खाली काळोख, आणि त्या काळोखातून वर येणारी थंडगार पाण्याची बादली. वर्षभर तेच पाणी प्यायचं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिला एकदा तशाच घरात झोपायचंय, आणि हे मला या वर्षी करायचंच आहे.

अडचण अशी की तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिना चढते, पण कठड्याला धरून, सावकाश. जमिनीवर बसता येत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात ‘वाड्यात मुक्काम’ म्हणून बुकिंग केलं होतं. फोनवर तळमजला कबूल केला आणि प्रत्यक्षात दिली दुसऱ्या मजल्यावरची खोली. वाडाही प्लायवूडच्या कमानींचा निघाला. आई काही बोलली नाही, पण दोन्ही दिवस खोलीतून फारशी बाहेर पडली नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

तर विचारायचं असं:

हवेलीत तळमजल्यावर झोपायची सोय मिळते का? बुकिंग करताना नेमकं काय विचारून घ्यावं? माणेक चौकातल्या खाण्याच्या गाड्यांवर रात्री आईला नेणं कितपत जमेल? तिला खिचू आणि फाफडा खायचाय, गोड मोजून चालतं. आणि आजोबांची पोळ शोधायची झाली तर कुठून सुरुवात करू? नाव आईला आठवत नाही. बजेट रात्रीला ४ ते ५ हजार.

साबरमतीकाठ

मीनलताई, मी गेली २८ वर्षं अहमदाबादेत आहे, त्यातली पहिली सहा खाडियात काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईंना आठवतो तो टांका. गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी नळीतून थेट चौकाखालच्या टाक्यात उतरतं. पहिल्या पावसात गच्ची धुऊन निघेपर्यंत नळीचं तोंड बंद ठेवायचं, मग सोडायचं. खाली ऊन पोचत नाही म्हणून पाणी टिकतं. मुक्कामासाठी दुरुस्त केलेल्या काही हवेल्यांमध्ये टांका जपून ठेवलाय, तेव्हा फोनवर हेही विचाराच.

आता जिना. पोळमधल्या घराला रस्त्यालगत ओटला (आपला ओटा), मग खडकी (प्रवेशाची जागा), मग चौक, आत ओरडा म्हणजे आतली खोली, आणि निजायच्या खोल्या बहुतेक वरती. जिना जवळजवळ शिडीसारखा असतो. पायरी उंच, टेकायला जागा अर्ध्या पावलाची, आणि कठड्याऐवजी वरून लोंबणारा जाड दोर. तो धरून चढायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये. चढणं एक वेळ होईल, उतरणं होणार नाही. म्हणून तळमजल्याची खोली मिळाली तरच हवेली, एवढं मनाशी पक्कं करा.

सुरुवात या नावांपासून करा: ढाळनी पोळमधली फ्रेंच हवेली, सांकडी शेरीतली दिवाणजीनी हवेली, खाडियातली मंगलदासनी हवेली. प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन लावा, नुसत्या ॲपवर विसंबू नका. सिदी सैय्यद मशिदीच्या जाळीसमोरचं हाऊस ऑफ एमजीसुद्धा १९२४ सालची खरी हवेलीच आहे, आणि गाडी दारापर्यंत जाते. पण ते मोठं हॉटेल झालंय, शेजारच्या ओटल्यावरून कुणी हाक मारील असं तिथे होत नाही. आईंना जे हवंय ते पोळमध्येच मिळेल असं मला वाटतं.

१४ जानेवारीच्या आसपास जात नाही आहात हे उत्तम. उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंगांसाठी पोळमधल्या गच्च्यासुद्धा भाड्याने जातात आणि रस्त्याने मांजाची भीती असते.

गोदाकाठची_वैशाली

मीनल, मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचेही गुडघे दुखरे. माझ्या अनुभवातून सांगते.

‘तळमजला आहे का’ एवढं विचारून भागत नाही. आम्हाला खोली तळमजल्यावर मिळाली, पण न्हाणीघर चौकाच्या पलीकडे आणि मधे दोन दगडी पायऱ्या. रात्री तीनदा उठून सासूबाईंना हात धरून न्यावं लागलं. उंबरेही आपल्याकडच्यासारखे नाहीत, चांगले वीतभर उंच. पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो, आणि दार बुटकं असल्यामुळे त्याच वेळी मान वाकवायची. तेव्हा व्हिडिओ कॉल करून मालकांना रस्त्यापासून पलंगापर्यंत चालत यायला सांग. वाटेतली प्रत्येक पायरी दिसते. आम्हाला हे नंतर सुचलं.

दुसरं, रिक्षा पोळच्या तोंडाशीच थांबते. पुढे पाच-सात मिनिटं चालणं, फरशी उंचसखल, स्कूटर अंगावरून जातात. चाकांची मोठी बॅग नकोच, खांद्याची पिशवी घे. आणि पहाटे देरासरातल्या (जैन मंदिरातल्या) घंटा, मग पारवे, मग भांडी. झोपेला जपणाऱ्या माणसाला त्रास होईल. माझ्या सासूबाईंना मात्र तेच सगळ्यात आवडलं. साडेपाचला उठून ओटल्यावर जाऊन बसायच्या, आणि समोरच्या बाईंशी अर्ध्या गुजरातीत गप्पा चालायच्या.

मीनल_ठाणे

वैशालीताई, न्हाणीघराचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हिडिओ कॉल नक्की करते. आई पहाटे पाचला उठतेच, घंटांचा प्रश्न नाही.

काका, दोराचं वाचून दाखवलं तर आई म्हणाली, “हो, आमच्याकडेही होता, आणि मी त्याला लोंबकळायचे.” तिला हे आठवत होतं हे मलाच माहीत नव्हतं.

खाण्याचं कुणी सांगेल का?

पोटोबा_प्रथम

मी सांगतो. कामानिमित्त दर दोन महिन्यांनी अहमदाबादला असतो आणि संध्याकाळी करायला दुसरं काही नसतं.

माणेक चौक सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, रात्री वेगळा. दिवसभर सोन्याचांदीची बाजारपेठ. दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच समोर गाड्या लागतात, लोखंडी तवे चढतात आणि मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. खुर्च्या असतात, म्हणजे आईंना बसायची अडचण नाही. मात्र साडेआठ-पावणेनऊला पोचा. दहानंतर, त्यातून शनिवारी, उभं राहायला जागा नसते आणि पोरं मेन्यू घेऊन मागे लागतात. एका गाडीवर बसा, तिथलंच मागवा, उठा.

खायचं काय, यावर माझं स्पष्ट मत आहे. अननस सँडविच आणि चॉकलेट सँडविच फोटोसाठी ठीक. प्रत्येक पदार्थावर चीजचा डोंगर घालतात, ‘चीज नको’ असं आधीच सांगा. भाजीपाव घ्या, घूघरा सँडविच दोघींत एक, वरून कुल्फी. लोणी हात राखून घालायला सांगितलं तर ऐकतात.

पण माणेक चौक म्हणजे अहमदाबादचं खाणं नव्हे. खरी मजा सकाळची. रविवारी सकाळी सगळं शहर फाफडा-जलेबी घेऊन घरी जाताना दिसेल. कढईतून निघालेला फाफडा हातात घेतला की कागदासारखा मोडतो, आणि सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची, बेसनाची पातळ कढी. गांधी रोडवरचं चंद्रविलास यासाठी फार जुनं ठिकाण आहे. जलेबी एकच घेऊन दोघींनी अर्धी अर्धी खा.

खिचू म्हणजे आपल्या उकडीची गुजराती बहीण. तांदळाचं पीठ, जिरं, हिरवी मिरची आणि पापडखार घालून वाफवलेलं, ताक नाही. द्रोणात घालून मधोमध खड्डा करतात, त्यात कच्चं तेल आणि लोणच्याचा मेथी मसाला. गरमच खायचं, दोन मिनिटांत घट्ट होतं. दातांना त्रास नाही, पोटाला हलकं. संध्याकाळी गाड्यांवर मिळतं, हवेलीच्या मालकांना जवळची गाडी विचारा. जमलं तर त्यांनाच घरी करायला सांगा, ते जास्त चांगलं.

चहासाठी लाल दरवाजाजवळचं लकी. टेबलांच्या मधे खऱ्या कबरी आहेत, रोज त्यांच्यावर फुलं वाहतात, आणि भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र. मस्काबन आणि चहा. लहानपणी आईंनी ऐकलं असेल कदाचित.

जानेवारीत उंधियू असतंच, ते मुद्दाम सांगायला नको.

रिमझिम

मांसाहार करत असाल तर तीन दरवाजा या जुन्या वेशीजवळची भटियार गल्ली. बाकी वरच्या प्रतिसादाशी सहमत.

साबरमतीकाठ

पोटोबा, फाफड्याचं अगदी खरं.

मीनलताई, फिरण्याबद्दल. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी ८ वाजता काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून जामा मशिदीशी संपतो. दोन-अडीच तास सतत चालणं, आईंना घेऊन करू नका. तुम्ही एकट्या जाऊ शकता, तेवढा वेळ त्या ओटल्यावर बसतील. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा दर्जा दिला, भारतातलं हे पहिलं शहर. त्यानंतर पोळमध्ये परक्या माणसांची सवय झालीय, कुणी हटकत नाही.

आईंबरोबर एक गोष्ट मात्र जरूर बघा. तीन दरवाजावर देवनागरीत कोरलेला एक शिलालेख आहे, १८१२ सालचा, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांच्या हुकमाचा. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा द्या, असा तो हुकूम. पेशवे आणि गायकवाड यांचा इथे अंमल होता, त्या काळाची ही खूण. येणारेजाणारे त्याच्या खालून रोज जातात आणि वर बघत नाहीत. रिक्षा जवळ थांबते, चालणं फार नाही.

पोळ शोधण्याबद्दल: नुसत्या ‘खाडिया’वरून सापडणार नाही, तिथे पोळमध्ये पोळ आहे. आईंना शाळेची वाट विचारा. माणूस घराचं नाव विसरतो, शाळेची वाट विसरत नाही. वाटेत कुठला दरवाजा लागायचा, देरासर उजवीकडे की डावीकडे, चबुतरा (पाखरांना दाणे टाकायचा खांबावरचा मनोरा) दगडी की लाकडी, एवढं कळलं तरी पुष्कळ.

मीनल_ठाणे

मंडळी, तीन दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

हवेली ठरली. वैशालीताईंनी सांगितलं तसं व्हिडिओ कॉलवर मालकीणबाईंनी रस्त्यापासून पलंगापर्यंत सगळं चालून दाखवलं. खोली चौकाला लागून, न्हाणीघर आतच, एक उंबरा आहे, त्यापुढे त्या लाकडी पाट ठेवणार आहेत. बजेटच्या थोडं वर गेलं, पण दोन्ही रात्री तिथेच. टांका आहे! झाकण पितळी नाही, लोखंडी आहे, पण उघडून दाखवेन म्हणाल्या. खिचूही करून देणार आहेत.

शनिवारी विश्रांती, संध्याकाळी लकीत चहा, साडेआठला माणेक चौक. रविवारी सकाळी फाफडा आणि पोळ शोधणं. सोमवारी सकाळी तीन दरवाजा, दुपारची गाडी.

आणि काका, शाळेची वाट. आई डोळे मिटून बसली आणि सांगत गेली: घरातून निघालं की आधी चबुतरा, लाकडी, खाली दगडी खांब. मग डावीकडे देरासर. पोळच्या तोंडाशी एक लोहार बसायचा. तिथून उजवीकडे वळून रायपूर चकला, म्हणजे चौक, आणि चकला ओलांडला की शाळा. चबुतऱ्याच्या खांबावर पोपट कोरलेले होते, त्यातल्या एकाची चोच तुटलेली होती.

एवढ्यावरून काही होईल का?

साबरमतीकाठ

होईल. चकल्यापासून उलट चालायचं, म्हणजे शोध चार-पाच पोळांवर येतो. लोहार आता नसेल, पण चबुतरे लोक हलवत नाहीत. पोपटांचा चबुतरा मला माहीत असलेला एक आहे, चोच कधी बघितली नाही.

रविवारी सकाळी साडेआठला रायपूर चकल्यावर येतो, माझी बायकोही येईल, ती खाडियाचीच. घडीची खुर्ची घेऊन येतो, आईंना दर पोळच्या तोंडाशी बसता येईल आणि आत आधी आम्ही बघून येऊ. फाफडा त्यानंतर खाऊ, साडेदहापर्यंत गरम मिळतो.